जुन्या सागावर नाव कोरून घेण्याआधी

चाळ पाडायला घेतली की आधी दारं-खिडक्या निघतात, मग जिन्याच्या पायऱ्या आणि शेवटी तुळया. आम्ही कोरतो त्या नावाच्या पाट्या याच लाकडाच्या. त्यातलं बरंचसं बर्माटीक, म्हणजे ब्रह्मदेशचा साग. 1863 साली मुंबईत सुरू झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन याच सागाच्या व्यापारातली. सत्तर-ऐंशी वर्षं छपराखाली वाळलेली तुळई आता सहसा वाकत नाही.

पावसाळ्यात पडलेल्या गुलमोहोराचा ओंडका घेऊन कुणी ना कुणी येतंच. तो आम्ही परत पाठवतो. ओलं लाकूड जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष या हिशेबाने वाळतं, आणि तोवर नेमकी अक्षरातूनच चीर जाते. चौपाटीवर वाहून आलेलं लाकूड चालेल, पण त्यात मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. ते आधी गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहून, मग सावलीत वाळवावं लागतं. लग्नाच्या आहेरासाठी हवं असेल तर हा नाद सोडा, वेळेत होणार नाही.

अक्षराला दिवस का लागतात, हे विचारलं जातं. शिरोरेषा लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाते. बघायला सोपी, पण पटाशी, म्हणजे कोरायची छिन्नी, तंतू धरून पुढे पळते आणि रेघ अक्षराबाहेर जाते. म्हणून आधी रेघेच्या मधोमध पटाशी सरळ खाली ठोकून खाच पाडायची, मग दोन्ही बाजूंनी तिरकं कापत तिच्यापाशी यायचं. काना तंतूंना आडवा छेदतो, तिथे धार जरा कमी पडली की कडा भुगा होते. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, त्यामुळे धार फार टिकत नाही. मोगरीपेक्षा, म्हणजे ठोकायच्या लाकडी हातोड्यापेक्षा, धारेच्या दगडावरच आमचा हात जास्त असतो म्हणा ना.

सगळ्यात घाबरवणारं अक्षर ठ. गोलाच्या पोटात लाकडाचं इवलंसं बेट उरतं, त्याचे तंतू आखूड, धरून ठेवायला बाजूला काही नाही. एका ‘साठे’ पाटीत शेवटच्या टोल्याला ते बेट टचकन उडालं. सगळा गाळा झाडला, सापडलं नाही. पाटीला रंधा मारून पहिल्यापासून कोरलं. चूक आमची, जादा पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून नावात ठ किंवा ब असेल तर दोन इंचांहून लहान अक्षर आम्ही घेत नाही.

नाव मोबाइलवर टाइप करून पाठवू नका, कागदावर हाताने लिहून द्या. फोनमध्ये ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात. मराठीतला ल पाकळीचा, श देठाचा; 2009 च्या शासननिर्णयातही तेच वळण आहे. ऱ्हस्व-दीर्घ घरात सगळ्यांना विचारून घ्या. कोरलेली वेलांटी खोडता येत नाही.

दुकानाची पाटी असेल तर 2022 च्या कायदादुरुस्तीप्रमाणे देवनागरीतली मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. फळी त्या मापाने निवडू.

खिळ्यांची भोकं आणि त्यांच्याभोवती लोखंडाने पडलेले काळे डाग आम्ही तसेच ठेवतो. कुणाला ते नको असतात. तसं असेल तर आधी सांगा, दुसरा तुकडा काढू. दाराबाहेरच्या पाटीला व्हार्निश नको, मुंबईच्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल पुरेसं, दरवर्षी मृगाआधी एक हात. फक्त तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उघडा पसरून वाळू द्या.

पाडलेल्या घरातली तुमचीच चौकट किंवा उंबरठा असेल तर तसाच आणा. खिळे उपसू नका, रंग खरवडू नका. ते आम्ही करतो.