न्यूरोसायन्सच्या अधिवेशनात सत्राचा प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रं आणि हमखास होणाऱ्या चुका

सोसायटी फॉर न्यूरोसायन्स या मेंदू आणि मज्जासंस्थेचा अभ्यास करणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेचं वार्षिक अधिवेशन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरतं. पोस्टरचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा सारांश) पाठवणं वेगळं आणि अख्ख्या सत्राचा प्रस्ताव देणं वेगळं. प्रस्तावाची मुदत अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या मुदतीच्या कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरताना सत्राचा विचार सुचला तर ते वर्ष हातचं गेलेलं असतं.

कोणता प्रकार?
सिंपोझियम म्हणजे एकाच विषयावरच्या भाषणांचं सत्र; त्यात चार वक्ते, मिनिसिंपोझियममध्ये सहा. दोन्ही अडीच तासांची, दोन्हींना अध्यक्ष आणि सहअध्यक्ष लागतात. मिनिसिंपोझियममध्ये तरुण संशोधकांना पुढे आणण्यावर भर असतो. नुकतीच स्वतःची लॅब सुरू केली असेल तर सरळ याच वाटेने जावं. शिवाय या सत्रांवर आधारित आढावा-लेख 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये छापण्याची प्रथा आहे. नॅनोसिंपोझियमसाठी असा प्रस्ताव लागत नाही. ते आलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधूनच जुळवतात, प्रत्येकाला दहा मिनिटं बोलायला आणि पाच मिनिटं प्रश्नांना.

पात्रता
प्रस्ताव संस्थेच्या सदस्यांकडून मागवले जातात. सदस्यत्वाचं नूतनीकरण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. विकसनशील देशांतल्या सदस्यांना वर्गणीत सवलत असते, ती आधी तपासा.

प्रस्तावात काय हवं?
शीर्षक, विषयाचं वर्णन, तो आत्ताच का मांडायचा याचं कारण, संस्थेच्या ए ते जे या विषयगटांपैकी योग्य गट, आणि प्रत्येक वक्त्याचं नाव, संस्था, भाषणाचा विषय.

सगळं अडतं ते वर्णनात. 'स्मरणशक्तीचं न्यूरोसायन्स' हे शीर्षक कार्यक्रम समितीला काहीच सांगत नाही. 'झोपेत हिप्पोकॅम्पसमधल्या शार्प-वेव्ह रिपल्समुळे आठवण पक्की होते का?' हा मात्र प्रश्न आहे (हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, शार्प-वेव्ह रिपल्स म्हणजे तिथल्या क्षणिक विद्युत लहरी), आणि त्याची वेगवेगळी उत्तरं देणारी माणसं निवडता येतात: उंदरांमध्ये रिपल्स नोंदवणारा, त्या क्षणी त्या थोपवून पाहणारा, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडवरून नोंदी घेणारा, गणिती मॉडेल मांडणारा, वार्धक्यातले बदल तपासणारा आणि हा दुवाच मान्य नसणारा. तो सहावा माणूस आवर्जून घ्या. एकाच गुरूचे चार शिष्य व्यासपीठावर बसवले की चर्चा होत नाही, आणि ते समितीच्याही लगेच लक्षात येतं.

नाव लिहिण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती घ्या. 'येतील बहुधा' या भरवशावर घातलेलं नाव निवड झाल्यावर गळतं आणि सत्राचा तोल जातो.

वेळेचा हिशेब
मिनिसिंपोझियमच्या १५० मिनिटांत प्रस्तावनेला ५, प्रत्येक वक्त्याला २० (१५ भाषण, ५ प्रश्न), शेवटी एकत्र चर्चेला २५. ही पंचवीस मिनिटं राखायची तर अध्यक्षाने पंधराव्या मिनिटाला उठून उभं राहायला हवं.

खर्च आणि व्हिसा
वक्त्यांना प्रवासखर्चाचा शब्द देऊ नका. काय मिळणार ते निवडीच्या पत्रात वाचूनच कळवा. भारतातून जाणाऱ्यांना बी-१ (कामानिमित्त अल्पकाळ भेटीचा) अमेरिकी व्हिसा लागतो. निवड होताच निमंत्रणपत्र मागवा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा आणि मुलाखतीची तारीख घ्या. मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळू शकतात. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर त्याचं नूतनीकरण सगळ्यात आधी उरका, कारण पासपोर्ट क्रमांक बदलला की अर्जही दुरुस्त करावा लागतो.