ग्रेन म्हणजे गहू ना रे?

दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत, हा इंदूरच्या आमच्या घरातला जुना कायदा. परवा भाचा रात्री नेलकटर घेऊन बसला आणि आईने ते काढून घेतलं. तो वैतागून म्हणाला, “आजीचं हे सगळं इनग्रेन्ड आहे.”

“ग्रेन म्हणजे गहू ना रे?” आईने विचारलं. तो हसला. त्याच्या मते ग्रेन म्हणजे लाकडातल्या रेषा, आणि तशा मनात खोल उतरलेल्या समजुती त्या इनग्रेन्ड. मलाही कालपर्यंत तेच वाटायचं.

पण आईच जास्त जवळ पोचली होती. मूळचा लॅटिन शब्द ग्रानुम, म्हणजे दाणा. मात्र हा दाणा शेतातला नव्हे. भूमध्य समुद्राच्या परिसरात एका खुरट्या ओकवर केर्मिस नावाचे खवलेकीटक वाढतात. त्यांच्या माद्या वाळवल्या की थेट धान्यासारख्या दिसतात, आणि त्यांतून गडद लाल रंग मिळतो. मध्ययुगीन युरोपात या ‘दाण्यां’नी रंगवलेलं लोकरी कापड महाग आणि सहजी न विटणारं. त्यामुळे ‘ग्रेनमध्ये रंगवलेलं’ म्हणजे पक्क्या रंगाचं, असा अर्थ रूढ झाला. पुढे कापडावरून तो सवयींवर आणि समजुतींवर गेला. लाकडाच्या रेषांना ग्रेन म्हणणं त्या मानाने नंतरचं.

गंमत म्हणजे हा पक्का रंग एकट्याच्या बळावर पक्का नसतोच. नुसता लावला तर धुण्यात बराचसा निघून जाईल. मध्ये तुरटी लागते. तिच्यातलं ॲल्युमिनियम एकीकडे धागा धरतं, दुसरीकडे रंगाचा रेणू. अशा रंगबंधकाला मॉर्डंट म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘चावणारा’. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे, म्हणून रंगाला लवकर वश होतात. सुती धागा हट्टी. म्हणून आपले रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग तुरटीत.

केर्मिसचं अरबी नाव किर्मिझ. त्यातूनच इंग्रजीतला क्रिमसन आणि आपला किरमिजी; संस्कृत कृमी याच गोतावळ्यातला. राजवाड्याजवळच्या बाजारात मिळणाऱ्या लाखेच्या बांगड्यांमागेही असाच एक खवलेकीटक आहे.

हे सगळं आईला सांगितलं. “म्हणजे दाण्यात कीडच की!” ती म्हणाली. नेलकटर सकाळपर्यंत तिच्या उशाखाली होतं.