विद्यासागर आणि गॅसचा दिवा

गरीब ईश्वरचंद्र विद्यासागर कोलकात्यात रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याखाली अभ्यास करत, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. गॅसचा दिवा तेवढा खोटा. तिथल्या रस्त्यांवर गॅस आला १८५७ साली. बीरसिंह गावचे ईश्वरचंद्र संस्कृत कॉलेजात दाखल झाले १८२९ मध्ये, शिकून बाहेर पडले १८४१ मध्ये. गॅस पेटला तेव्हा ते त्याच कॉलेजचे प्राचार्य होते! त्यांच्या लहानपणी रस्त्यावर दिवे असलेच तर तेलाचे, मिणमिणते.

गरिबी मात्र खरीच. बडाबाजारात परक्याच्या घरी आसरा, वडिलांचा पगार तुटपुंजा, स्वयंपाक या पोराच्या गळ्यात. आणि मैलाच्या दगडांवरून इंग्रजी आकडे शिकल्याची गोष्ट? ती तर त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिली आहे.