समुद्रकिनारी बोलणाऱ्या दोन स्त्रिया, सेंट थॉमस

कामीय पिसारो (१८३०–१९०३) या दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट; बदलत्या प्रकाशाचा क्षणिक ठसा रंगांत टिपणाऱ्या संप्रदायातील) चित्रकाराचे १८५६ मधील तैलचित्र. माध्यम : कॅनव्हासवर तैलरंग, आकार २७.७ × ४१ सेंमी., म्हणजे ए-थ्री कागदाहून किंचित लहान. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये ते पॉल मेलन दांपत्याच्या संग्रहातून १९८५ मध्ये आले.

दृश्य कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटाचे आहे. चित्र मात्र पॅरिसमध्ये रंगवलेले आहे. हे ध्यानात न घेतल्यामुळे ते प्रत्यक्ष किनाऱ्यावर बसून केलेले निसर्गचित्र समजण्याची चूक वारंवार होते. पिसारोचा जन्म याच बेटावरील शार्लट अमाली गावी, व्यापारी ज्यू कुटुंबात झाला. बाराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसजवळ पासी येथे धाडले. १८४७ मध्ये परतल्यावर तो वडिलांच्या पेढीत बंदरावरच्या मालाची नोंद ठेवण्याचे काम करू लागला. फ्रिट्स मेल्ब्ये या डॅनिश चित्रकाराबरोबर तो १८५२ ते १८५४ व्हेनेझुएलात राहिला आणि १८५५ मध्ये कायमचा फ्रान्सला गेला. त्यामुळे या चित्राचा आधार सोबत आणलेली रेखाटने आणि स्मरण हाच होता.

पुढच्या पायवाटेवर दोघी उभ्या आहेत. एकीच्या डोक्यावर ओझे, दुसरीजवळ टोपली. मागे खाडीचा बाक, पाण्याकाठी चिमुकल्या मानवाकृती आणि टेकड्या. सेंट थॉमस तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते व तेथील गुलामगिरी १८४८ मध्ये संपली होती; म्हणजे या स्त्रिया आठ वर्षांपूर्वीच स्वतंत्र झालेल्या समाजातल्या. त्या काळी युरोपात उष्ण कटिबंधाची चित्रे म्हटली की भडक वेशभूषा आणि नवलाई दाखवण्याची रीत होती. पिसारोने तसे काही केले नाही. कामाच्या वाटेवर दोघी थबकल्या आहेत, बोलत आहेत. त्यांना आपल्याकडे पाहण्याची गरज वाटत नाही. चित्राचे खरे मोठेपण इथे आहे.

रंगलेपन अजून जुन्या वळणाचे आहे. आकाशातील छटा एकमेकींत मऊ मिसळल्या आहेत, आकृतींच्या कडा नेमक्या आहेत, उजेड-सावलीची बांधणी गडद-फिक्या छटांवर उभी आहे. सुटे, तुटक फटकारे आणि निळ्या-जांभळ्या सावल्या पिसारोच्या चित्रांत नंतर आल्या. काळा व मातकट रंगही त्याने पुढेच बाजूला सारले. म्हणून याला ‘दृक्‌प्रत्ययवादी चित्र’ म्हणणे चूक; ज्या प्रदर्शनापासून ते नाव रूढ झाले ते १८७४ चे. पुढील काळाशी जुळणारा धागा आहे तो आकाशाला दिलेल्या ऐसपैस जागेत आणि कष्टकरी माणसांच्या निवडीत.

मुद्रित प्रतींत दोन दोष नेहमी आढळतात. ‘उष्ण कटिबंध’ म्हणून रंग भडक केले की आकाशातील नाजूक संक्रमण नष्ट होते. कडा कापल्या की खाडीचा विस्तार हरवतो आणि दोघी नको तितक्या मोठ्या वाटू लागतात.