खुब्याचं दुखणं थांबवायचं, पायाची ताकद ठेवायची

नाशिकमध्ये घरातल्या कुणाचा खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न भुलीचा असतो. "पाठीत सुई देणार? मग कंबर जन्मभर धरते म्हणतात." या सुईने कायमची कंबरदुखी जडते, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. डोकेदुखीची तक्रार मात्र खरी होती आणि ती पहिल्या दिवसापासूनची. 1898 मध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर यांनी मणक्यात कोकेन देऊन पाय बधिर केले आणि पुढे स्वतःवरही हा प्रयोग करून घेतला. डोकं इतकं दुखलं की त्यांना अंथरूण धरावं लागलं. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहतं, म्हणून हे होतं. आजच्या बारीक सुयांनी हा त्रास फार कमी केला आहे.

1962 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आजच्या पद्धतीचा कृत्रिम सांधा बसवला. पुढे वेदनेसाठी पाठीत एपिड्युरलची, म्हणजे मणक्यातल्या आवरणाबाहेर बधिरीचं औषध सोडत राहणारी, बारीक नळी ठेवू लागले. दुखणं थांबे, पण पाय जड पडत, रक्तदाब उतरे, लघवीला नळी लागे. त्यात रक्ताच्या गुठळ्या टाळायची औषधं चालू असताना मणक्यात रक्तस्राव होण्याची भीती. मग मांडीची मोठी नस बधिर करून पाहिली. तेव्हा मांडीचा स्नायूच ढिला पडे आणि उभं राहताना पेशंट पडण्याचा धोका वाढे. ज्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर चालवायचं, त्याचा पायच लुळा करणं मला तरी उलटं वाटतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक ठेवणंच सोडलं. नियम सुटसुटीत करणारी दुरुस्ती 2014 मध्ये झाली. मधली जवळजवळ तीस वर्षं कितीतरी पेशंटांनी दात आवळून काढली. नसांच्या ब्लॉकचं, म्हणजे नसेपाशी औषध देऊन ती बधिर करण्याचं, मोल म्हणूनच इथे जास्त.

सोनोग्राफीमुळे सुईचं टोक पडद्यावर दिसू लागलं आणि नेम बदलला. 2018 मध्ये टोरंटोच्या भूलतज्ज्ञांनी 'पेंग' ब्लॉक मांडला: सांध्याच्या पुढच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक नसांपाशी साधारण 20 मिली औषध. वेदनेचे तंतू तिथेच दाट असतात. मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. मात्र टाक्यांची कातडी आणि सांध्याची मागची बाजू यात येत नाही, म्हणून पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं सोबत लागतातच.

एकदाच दिलेल्या ब्लॉकचा असर काही तासांनी उतरतो, बहुतेकदा ऐन रात्री. 'सोसवतंय' म्हणून गोळी नाकारणारी आपली आजी नेमकी तेव्हाच कण्हू लागते. गोळी ठरल्या वेळी, दुखायच्या आधी द्यायची असते.