आधी आरोप काय ते सांगा: अमेरिकी कम्युनिटी कॉलेजातल्या विद्यार्थी-हक्कांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजात, नाव घातलं की ‘विद्यार्थ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या’ हे प्रकरण हाती येतं. हल्ली ते ईमेलमधल्या लिंकच्या रूपात येतं आणि बहुतेक जण ते न उघडताच पुढे जातात. ‘लेखी नोटीस’, ‘सुनावणी’, ‘अपिलाची मुदत’ हे शब्द कोरडे वाटतात. पण त्यातल्या जवळपास प्रत्येक कलमामागे कोणीतरी काढून टाकलेला, दार बंद झालेला किंवा ऐकून न घेतलेला विद्यार्थी आहे. आणि ही सगळी कलमं एका अटीवर चालतात: हक्क मुदतीत आणि लेखी मागावा लागतो. तो आपोआप मिळत नाही.

ही कॉलेजं मुळात शाळेच्या पोटातून निघाली. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली तिथल्या हायस्कूलमध्येच अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. कॅलिफोर्नियाने १९०७ साली हायस्कूलांना बारावीपुढचे वर्ग चालवायची परवानगी दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत असे वर्ग भरू लागले. इमारत शाळेची, बोर्डही शाळेचं. त्यामुळे शिस्तीची रीतही शाळेचीच राहिली, म्हणजे वरच्यांनी ठरवायचं आणि पोरांनी ऐकायचं.

त्या काळी न्यायालयंही कॉलेजला आईबापांच्या जागी मानत. १९१३ च्या केंटकीतल्या एका खटल्यात बेरिया कॉलेजने विद्यार्थ्यांना बाहेरच्या खाणावळीत जायला बंदी घातली होती. समोरच्या खाणावळीचा मालक गॉट न्यायालयात गेला आणि हरला. आईबाप घरात जसे नियम करतात तसे कॉलेजने करावेत, असा निकाल लागला. १९२८ च्या आणखी एका निकालात प्रश्न होता सिराक्यूज विद्यापीठाने काढलेल्या एका विद्यार्थिनीचा. तिला सांगितलेलं कारण एवढंच, की ती ‘नमुनेदार सिराक्यूज मुलगी’ नाही. न्यायालयाने तेही चालवून घेतलं. या दोन्ही संस्था खासगी होत्या, पण सरकारी कॉलेजांतही विद्यार्थ्याला विचारायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वर्गातलं वय बदललं. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या जीआय बिलामुळे लढाईवरून परतलेले, बायकापोरं असलेले पुरुष बाकावर येऊन बसले. अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने १९४७ मध्ये ‘ज्युनियर’ऐवजी ‘कम्युनिटी’ कॉलेज ही कल्पना पुढे केली. कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने या कॉलेजांचं दार शिकू शकणाऱ्या प्रत्येकाला उघडलं. यातून एक प्रश्न उभा राहिला. जिथे आत यायला गुणवत्ता यादी लागत नाही, तिथून बाहेर काढणंही तितकंच सोपं असावं का?

उत्तर मिळालं ते अलाबामात, आणि कम्युनिटी कॉलेजाच्या खटल्यातून नाही. २५ फेब्रुवारी १९६० ला अलाबामा स्टेट कॉलेजचे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी माँटगोमेरीच्या काउंटी न्यायालयात गेले. तिथे तळघरात सरकारी मालकीचं उपाहारगृह होतं. तिथे बसून त्यांनी खायला मागितलं. त्यांना वाढलं नाही. पुढचे काही दिवस निदर्शनं झाली आणि राज्याच्या शिक्षण मंडळाने नऊ जणांना काढून टाकायचं ठरवलं. मार्चच्या सुरुवातीला त्यांच्या हाती जी पत्रं पडली त्यांत गुन्हा कुठला, कधीचा, कुठल्या नियमाखाली, काहीच नव्हतं. ‘अलाबामा स्टेट कॉलेजचा हा प्रश्न’ एवढा मोघम उल्लेख होता. सुनावणी झालीच नव्हती.

खालच्या न्यायालयात विद्यार्थी हरले. ४ ऑगस्ट १९६१ रोजी पाचव्या सर्किटच्या फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल फिरवला. हाच तो ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन’. न्यायमूर्ती रिव्ह्ज यांनी नुसतं ‘न्याय्य वागा’ म्हणून सोडलं नाही, काय काय द्यायचं तेही लिहिलं. नोटिशीत नेमका आरोप आणि त्याचा आधार हवा. विरोधात बोलणाऱ्यांची नावं आणि ते काय म्हणतात याचा तोंडी किंवा लेखी गोषवारा विद्यार्थ्याला मिळायला हवा. त्याला आपली बाजू मांडता यावी, साक्षीदार किंवा प्रतिज्ञापत्रं आणता यावीत. निष्कर्षाचा अहवाल त्याला पाहता यावा. कोर्टासारखी उलटतपासणी मात्र सक्तीची नाही. आजची कुठल्याही सरकारी कम्युनिटी कॉलेजची शिस्तप्रक्रिया उघडून बघा, बहुतेक याच पायऱ्या सापडतील. त्या नऊ जणांच्या शैक्षणिक नोंदीवरचा डाग मात्र २०१८ साली पुसला गेला.

१९७५ च्या ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की शाळेतल्या दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधीही आरोप सांगावा, विद्यार्थी नाकबूल असेल तर पुरावा काय ते सांगावं आणि त्याचं ऐकून घ्यावं. शिक्षा छोटी असेल तर प्रक्रिया छोटी, मोठी असेल तर मोठी, हा हिशेब तिथे पक्का झाला.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत हा हिशेब आकड्यांत दिसतो. वर्गात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षक त्या दिवसापुरता आणि तो वर्ग पुढच्या वेळी भरेल तेवढ्यापुरता बाहेर काढू शकतात, त्याहून जास्त नाही. निलंबन तीन प्रकारचं असतं: एक किंवा अधिक वर्गांतून दहा शिकवणी दिवसांपर्यंत, उरलेल्या सत्रासाठी, किंवा एक वा अधिक सत्रांसाठी सगळीकडून. कायमचं काढण्याचा अधिकार फक्त कॉलेज चालवणाऱ्या जिल्ह्याच्या निवडून आलेल्या मंडळाला. सुरक्षिततेसाठी तातडीने निलंबित केलं तर दहा दिवसांत सुनावणीची संधी द्यावीच लागते. आणि लैंगिक अत्याचारासारखे आरोप सोडले, तर कृत्याचा कॉलेजशी किंवा तिथल्या हजेरीशी संबंध नसताना या कलमांखाली कारवाई करता येत नाही. घरमालकाशी झालेलं भांडण हा डीनचा, म्हणजे कॉलेजात शिस्तीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा, विषय नव्हे.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो नोटीस पोचण्यात. नोटीस बहुतेक वेळा कॉलेजने दिलेल्या ईमेलवर येते आणि विद्यार्थी वापरत असतो स्वतःचा जीमेल. सुनावणी मागायची मुदत अनेकदा मोजक्या दिवसांची असते. ती उलटली की डीनचा निर्णय कायम होतो आणि नंतर कितीही खरं सांगितलं तरी ऐकणारं कोणी उरत नाही. म्हणून नोटीस हाती आली की आधी तारीख बघावी, त्याच दिवशी ‘मला सुनावणी हवी आहे’ एवढं एक वाक्य लेखी पाठवावं आणि पुराव्याच्या प्रती मागाव्यात. सविस्तर खुलासा मागाहून देता येतो. कॉलेजला ‘निःसंशय’ सिद्ध करावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी ‘झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढी कसोटी पुरते. त्याच प्रकरणात पोलीस केस असेल, तर सुनावणीत बोललेलं तिकडे वापरलं जाऊ शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारावं.

कमी मार्क आणि कॉपी यांतला फरक कळला नाही की अपील तिथेच फसतं. १९७८ च्या ‘होरोविट्झ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अभ्यासात कमी पडल्यामुळे काढलं तर औपचारिक सुनावणीची गरज नाही. तो शिक्षकांचा तज्ज्ञ निर्णय आहे. कॉपी किंवा वाङ्मयचौर्य हा वर्तनाचा आरोप ठरतो, तिथे नोटीस आणि सुनावणी लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शिक्षकाने दिलेला ग्रेड अंतिम. अपवाद चार: चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अपात्रता. ‘मी खूप मेहनत केली होती’ या चारांत बसत नाही. ‘सिलॅबसमध्ये होमवर्कला ३० टक्के होते, हिशेबात २० धरले’ हे बसतं. म्हणून सत्राच्या पहिल्या दिवसाचा सिलॅबस जपून ठेवावा.

भाषण-स्वातंत्र्याचा इतिहास जास्त गाजला, पण तो चार ओळींत सांगता येतो. १९६७ मध्ये प्राध्यापक, विद्यार्थी आणि प्रशासक यांच्या संघटनांनी विद्यार्थ्यांच्या हक्क-स्वातंत्र्यांवर संयुक्त निवेदन काढलं. १९६९ मध्ये दंडाला काळी पट्टी बांधणाऱ्या शाळकरी मुलांना ‘टिंकर’ खटल्यात संरक्षण मिळालं. १९७२ च्या ‘हिली’ निकालाने ठरवलं, की विद्यार्थी संघटनेचे विचार पटत नाहीत म्हणून सरकारी कॉलेजला तिची मान्यता नाकारता येत नाही. जागा, वेळ आणि आवाज यांवर नियम लावता येतात, पण मताकडे बघून नाही.

कागदपत्रांच्या हक्काशी आपल्याकडच्या घरांचा थेट संबंध येतो. १९७४ चा फर्पा, म्हणजे शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा, सिनेटर जेम्स बकली यांनी पुढे नेला. त्याने विद्यार्थ्याला स्वतःची नोंद पाहण्याचा हक्क दिला आणि कॉलेजला त्यासाठी ४५ दिवसांची कमाल मुदत दिली. मूल अठराचं झालं, किंवा कुठल्याही वयात कॉलेजात शिकू लागलं, की हा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. क्यूपर्टिनोच्या डी अँझा किंवा एडिसनच्या मिडलसेक्ससारख्या कॉलेजात सोळा वर्षांची मुलगी हायस्कूल सांभाळून गणिताचा वर्ग घेते आणि बाबा फोन करून विचारतात, ‘तिला मार्क किती पडले?’ समोरून उत्तर येतं, तिच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. फी बाबांनी भरली आहे याने काही बदलत नाही. करविवरणात ती अवलंबित असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण देणं बंधनकारक नाही. यात कोणाचा अपमान नाही. नोंद मुलीची आहे. संमतीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरला तर पुढचा वाद टळतो. चुकीची नोंद दुरुस्त करून मागता येते, पण या वाटेने ग्रेड बदलत नाही. कायदा मोडला गेला तर फर्पाखाली विद्यार्थ्याला स्वतः खटला भरता येत नाही, हे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याकडे १८० दिवसांत करायची.

अपंगत्वाच्या हक्कांत एक महत्त्वाचा निकाल खुद्द कम्युनिटी कॉलेजाच्या नावावर आहे. ऐकण्याचा गंभीर त्रास असलेल्या एका अर्जदार स्त्रीला नॉर्थ कॅरोलायनातल्या साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजने नर्सिंगला प्रवेश नाकारला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमावर ती लढली आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकमताने हरली. अभ्यासक्रमाचा गाभाच बदलावा लागेल अशी सवलत देण्याची सक्ती नाही, असं न्यायालय म्हणालं. आमच्या मते त्या निकालाने एका जिद्दी बाईवर अन्याय केला. पण ‘वाजवी सवलत’ आणि ‘गाभ्यातला बदल’ ही रेषा तिथूनच आली आणि अपंगांविरुद्धचा भेदभाव रोखणाऱ्या १९९० च्या एडीए कायद्यानंतरही ती टिकली. शाळेत मुलाची गरज शोधून काढणं हे शाळेचं काम असतं. कॉलेजात ते विद्यार्थ्याचं. शाळेतली आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण-योजना, इथे आपोआप लागू होत नाही. अपंग सेवा कार्यालयात कागदपत्रं घेऊन स्वतः नाव नोंदवावं लागतं. मंजुरीचं पत्र शिक्षकांना परीक्षेआधी द्यावं लागतं, कारण होऊन गेलेल्या परीक्षेला जादा वेळ सहसा लागू होत नाही.

शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. त्याखालचे लैंगिक छळाच्या चौकशीचे नियम सरकारागणिक बदलत आले. २०२४ चे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीच्या फेडरल न्यायालयाने रद्द केले आणि २०२० चे पुन्हा लागू झाले. त्यांत प्रत्यक्ष सुनावणी आहे. उलटतपासणी सल्लागारच करतो, विद्यार्थ्याने समोरच्याला स्वतः प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याच्याकडे सल्लागार नसेल त्याला कॉलेजने या कामापुरता फुकट द्यायचा असतो.

जबाबदाऱ्यांचा मोठा भाग पैशांतून आला. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्राची मदत थेट विद्यार्थ्यांपर्यंत नेली आणि पुढे तिच्याबरोबर ‘समाधानकारक प्रगती’ची अट आली. पदवीच्या ठरलेल्या युनिटांच्या (म्हणजे क्रेडिटांच्या) दीडपटीत अभ्यास संपवायचा, म्हणजे घेतलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के युनिटं पार पाडायची. वर्ग सोडला की मिळणारा ‘डब्ल्यू’ सरासरी बिघडवत नाही, पण या टक्क्यांत तो मोजला जातो. सत्राचे ६० टक्के दिवस व्हायच्या आत सगळे वर्ग सोडले तर मदतीचा काही भाग परत जातो. जे काही न कळवता यायचंच बंद करतात त्यांचं नुकसान जास्त. हजेरी घ्यायचं बंधन नसलेली कॉलेजं बहुधा सत्राचा मध्य हीच त्यांची सोडण्याची तारीख धरतात, बिल मागून येतं आणि ते फिटेपर्यंत पुढची नोंदणी अडू शकते. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्यांसाठी धोका आणखी मोठा. १२ युनिटांखाली जायचं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी हवी. आधी वर्ग सोडून मग विचारायला गेलं तर व्हिसाची स्थितीच हातून जाते.

नियम बनवण्यात विद्यार्थ्यांचा हात असावा ही मागणीही साठच्या दशकातलीच. कॅलिफोर्नियात १९८८ च्या एबी १७२५ कायद्यानंतर, ज्या धोरणांचा विद्यार्थ्यांवर मोठा परिणाम होतो त्यांत त्यांचं मत घेणं बंधनकारक झालं. जिल्ह्याच्या मंडळावर विद्यार्थी विश्वस्तही बसतो. तिथल्या बहुतेक जिल्ह्यांत धोरणांना आणि कार्यपद्धतींना सारखेच क्रमांक असतात: ५५०० म्हणजे वर्तनाचे नियम, ५५२० म्हणजे शिस्तीची प्रक्रिया, ५५३० म्हणजे तक्रारी. हे मसुदे समित्यांमधून फिरतात आणि बऱ्याचदा मंडळाच्या खुल्या बैठकीतही येतात. अजेंडा ७२ तास आधी लावलेला असतो आणि बोलायला प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो. ५५२० चा मसुदा आला की त्यात आधी नोटीस कुठल्या पत्त्यावर जाणार आणि सुनावणी मागायला किती दिवस, या दोन गोष्टी बघाव्यात.