कायावाया : बोलिव्हियातले फिरते वैदू

कायावाया म्हणजे बोलिव्हियातले फिरते वैदू. आपल्याकडे झोळी घेऊन गावोगाव हिंडणारे वैदू असायचे ना, साधारण तसेच समजा, फक्त यांची गावं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ३००० मीटरच्याही वर आहेत. टिटिकाका सरोवराच्या ईशान्येला बाउतिस्ता सावेद्रा नावाचा प्रांत आहे, त्यातली चारासानी, कुर्वा, चाहाया ही त्यांची मूळ गावं. घरी बटाटा-मका लावायचा आणि मग औषधांची पिशवी खांद्याला अडकवून महिनोन्‌महिने बाहेर. फिरतात ते बहुतेक पुरुष. बाळंतपण, लहान मुलांची दुखणी आणि विणकाम बायकांकडे. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेची दखल घेतली, २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत टाकलं.

युनेस्को म्हणते यांना साधारण ९८० वनस्पती माहितीयत. एवढ्या एका गावाच्या आसपास कशा मिळणार? तर त्या चढउतारात मिळतात, वर गारठलेलं पठार, मध्ये खोरी, आणि खाली ॲमेझॉनकडे उतरत जाणारं दमट जंगल, प्रत्येक उंचीवर झाडपाला वेगळा, त्यामुळे जो चालतो त्यालाच तो कळतो. माझ्या मते खरी विद्या ही चाल आहे, झाडांची यादी नंतर.

कायावायांच्या मते आजार आणि औषध दोन्ही उष्ण किंवा थंड, उष्णावर थंड द्यायचं, थंडावर उष्ण. हे आपल्या आजीला समजावून सांगायची गरज नाही! अँडीजमध्ये सगळीकडे मिळणारी मुन्या ही पुदिन्याच्या कुळातली झुडपं बघा, पोट फुगलं की तिचा काढा, आणि साठवलेल्या बटाट्यांच्या थरांमध्येही तीच घालतात म्हणजे कीड लागत नाही आणि कोंब उशिरा फुटतात. एकच पाला, दवाखान्यातही आणि कोठारातही.

कोकाचं पान गालात धरून सोबत राखेची गोळी, राखेमुळे पानातला अर्क सुटतो, भूक-थकवा कमी जाणवतो. हीच पानं कापडावर टाकून आजाराचं कारण बघतात, आणि लामाची चरबी, सुगंधी पाला यांच्यासोबत पाचामामाला म्हणजे धरणीमातेला वाहतात. अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पान चघळणं बंद करायचं ठरलं होतं, बोलिव्हिया २०११ मध्ये सरळ त्यातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये आमची पानं आम्ही चघळणार या अटीवर परत आला.

घरात केचुआ बोलतात, पण औषधांची भाषा वेगळी, माचाह हुयाई. व्याकरण केचुआचं आणि बरेच शब्द पुकिना या मेलेल्या भाषेतले. ही बाप मुलाला शिकवतो, बाहेरच्याला नाही. २००९ च्या राज्यघटनेत तिला अधिकृत भाषांमध्ये जागा मिळाली, पण पोरं शहरात गेली की शिकवायचं कोणाला हा प्रश्न आहेच.

औषध कंपन्या कायावायांचं ज्ञान उचलून नेतील ही भीतीही आहे, आणि ती उगाच नाही. मलेरियावरचं आपलं कोयनेल ज्या सिंकोनाच्या सालीतून यायचं ते झाड याच अँडीजचं. मान्वेल इंक्रा मामानी नावाच्या बोलिव्हियन माणसाने त्याचं उत्तम बी हुडकून १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला दिलं, ते डच लोकांनी जावामध्ये लावलं आणि कोयनेलच्या धंद्यात पुढे वर्षानुवर्षं जावाच पुढे राहिलं. मामानी पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, तुरुंगात मार खाल्ला आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत गेला.